आकडा का उतरला

प्रिय बारक्या,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लिहायला हात उचलत नव्हता.

आधी दादाचं सांगते. बाटल्यांच्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं भट्टी सांभाळली. इंधन महागलं, व्याजदर चढले, त्यात बाहेरच्या बाटल्या स्वस्तात येऊ लागल्या. मालकाने भट्टी विझवली. काचेची भट्टी थंड झाली की आतल्या विटांना तडे जातात. ती आता पेटत नाही, हे दादाने त्याच दिवशी ओळखलं. मग समोरचा खानावळवाला गेला, कामगारांचे गणवेश शिवणारा शिंपी गेला. पगारच नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार? दादा वर्षभर वणवण हिंडला. सगळे 'कळवतो' म्हणाले, कळवलं कुणीच नाही. एका ठिकाणी तर त्याला विचारलं, मुलाच्या नोकरीसाठी आलात का? त्यानंतर तो घराबाहेर पडेनासा झाला.

आमच्या सांख्यिकी खात्याचं काम म्हणजे घरोघर जाऊन कोण कामावर आहे, कोण नाही ते लिहायचं. या खेपेला यादीत आपलंच घर निघालं. नियमाने दुसरीला पाठवायला हवं होतं, पण दादाला परक्या बाईसमोर बसवणं जिवावर आलं. प्रश्न टॅबवर दिसतात तसेच वाचायचे असतात, म्हणून जन्मात पहिल्यांदा त्याला 'तुम्ही' म्हटलं. गेल्या चार आठवड्यांत तुम्ही काम शोधलंत का? मला वाटलं, हसेल. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी हळूच म्हटलं, 'हो' लिहिते.

"नको," तो म्हणाला. "खरं तेच लिही. नाही शोधलं."

मी 'नाही'चं बटण दाबलं. पुढचे प्रश्न आपोआप गळाले. जो काम शोधत नाही, त्याला बेरोजगारांत धरत नाहीत, बारक्या. एकट्या आपल्या गल्लीत असे अकरा निघाले.

बेरोजगारी घटल्याची जी बातमी तू तिकडे वाचलीस, ती याच पाहणीची. दिवस पालटले, आता नोकरी सोडून घरीच येतो, असं तू लिहिलंस. येऊ नकोस. आकडा उतरला तो दादासारखी माणसं मोजणीतून गळाली म्हणून. यातलं काहीच तुला कळवायचं नाही, असं त्याने मला बजावलंय. तुझं पत्र वाचल्यापासून तो सकाळी लवकर उठतो, दाढी करतो आणि तुझ्या खोलीला रंग देत बसतो. तरी येऊ नकोस.

तुझीच, वाट न पाहणारी,
ताई