पेटाऱ्याची मागची बाजू

सर, त्या पेटाऱ्याची मागची बाजू परवा मला दिसली. तुम्ही असता तर लगेच पिशोरची एसटी धरली असती आणि शाळेच्या फाटकातूनच ओरडून सांगितलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही बातमी सांगावी असं दुसरं माणूस मला सुचत नाही.

दरवर्षी तुम्ही आमच्या वर्गाला शहरातल्या संग्रहालयात आणायचात. आत फोटोला बंदी, वही काढायलाही बंदी. म्हणून तुमची रीत अशी, की हात मागं बांधून एकाच वस्तूपुढं उभं राहायचं, पोटभर पाहायचं आणि बाहेर कडुलिंबाखाली बसून आठवेल तेवढं काढायचं. आमच्या वाट्याला तो कोरीव पेटारा. त्याच्या तीन बाजूंवर वरात होती. हत्ती, घोडे, ताशेवाले, मशालजी, सगळे होते, फक्त नवरदेव नव्हता. चौथी बाजू भिंतीला.

"मागं असंल की," तुम्ही म्हणायचात. "बिननवऱ्याची वरात निघती व्हय?" मग तिथल्या शिपायाची मनधरणी सुरू. "जरा सरकवा ना, पोरं लई लांबून आलीत."

"हात लावायचा नाय, सर. मागल्या साली पण सांगितलं तुम्हाला."

एका वर्षी मी नवरदेव काढलाच, घोड्यावर, झुपकेदार मिशांचा. तुम्ही वही माझ्यापुढं धरलीत. "पाह्यलं का तू ह्याला?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग काढला कशाला? न पाहिलेलं काढायचं नाय, पोरी." मला रडू फुटलं. गाडीत तुम्ही स्वतःच्या डब्यातली दशमी दिलीत, पण नवरदेव खोडायला लावलात तो लावलातच.

आता मीही इथं शहरात चित्रकला शिकवते. त्या संग्रहालयानं आपल्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर खुले केलेत, चारही बाजूंनी. कुणीही घ्या, छापा, त्यावर काहीही करा, विचारायची गरज नाही. चौथा फोटो मी सगळ्यात शेवटी उघडला. मागं काही नाही, सर. साध्या फळ्या आणि रंध्याचे ओरखडे. कोण बघतंय म्हणून कारागिरानं अंग राखलं असणार. मला आधी हसू आलं, आणि मग तुमच्यासाठी फार वाईट वाटलं.

त्या कोऱ्या फळ्यांच्या प्रती काढून मी वर्गात वाटल्या आणि सांगितलं, नवरदेव काढा. एकानं त्याला बुलेटवर बसवला. एका मुलीनं नवरीच हत्तीवर चढवली. "मॅडम, तो येईना म्हणून तीच निघाली." तुम्ही रागावला असतात. निदान तसं दाखवलं असतंत.

एक प्रत उरली होती. घरी आल्यावर तिच्यावर मी तुम्हाला काढायला बसले, वरातीच्या पुढं चालणारे. टोपी आली, जरा वाकलेले खांदे आले, कापडी पिशवीही आली. चेहरा येईना. तुमचा फोटो माझ्याकडे नाही, शाळेतही सापडला नाही. त्या पेटाऱ्याचा हत्ती न हत्ती मी आजही डोळे मिटून काढेन. पण तुमच्यासमोर, सर, मी कायम खाली मान घालून उभी असायचे.