कडा ढासळलेला नाही

प्रिय गेथिन,

पाय सुजलेत, दोन नखं काळी पडलीत, आणि सेंट डॉगमेल्सच्या धक्क्यावर बसून तुला लिहिते आहे. वेल्सच्या किनाऱ्यावरची पायवाट, एकशे शहाऐंशी मैल, पुरी झाली. अ‍ॅमरॉथहून निघाले तेव्हा फोनवर तू म्हणाला होतास, "त्या नव्या खुब्यानं आधी दुधाच्या दुकानापर्यंत जाऊन दाखव." दुकान मागे पडून सतरा दिवस झाले, भाऊराया. सॉल्व्हा गावात मला खोली देणाऱ्या बाईनं विचारलं, "चौसष्टाव्या वर्षी एकटीच? नवरा कुठे टाकला?" म्हटलं, "चॅपलच्या मागे पुरला, सात वर्षं झाली." बिचारी ओशाळली. मग मीच हसले तेव्हा तीही हसली आणि मटणाचं सूप तिनं आग्रहानं दुसऱ्यांदा वाढलं. पाच दिवस पावसानं झोडपलं. एकदा वाऱ्यानं पार बसवलं. उठले.

पंधराव्या दिवशी आपल्या शेताशी पोचले. फाटकाला काटेरी तार आणि वर तुझ्या अक्षरातली पाटी: 'कडा ढासळतो आहे. वाट बंद.' बाण हमरस्त्याकडे. तीन मैल ट्रकांच्या अंगाअंगानं जायचं. एम्रिस बोवेन भिंतीला टेकून उभा होता. ऐंशी उलटली त्याची. बायको गेल्यापासून रोज सकाळी तो त्या वाटेनं कड्यावर जाऊन बसायचा, ते तुलाही ठाऊक आहे. मार्चपासून भिंतीशीच थांबतो. मला म्हणाला, "भावाला सांग, रान त्याचं असेल, वाट त्याच्या बापाचीही नव्हती." खरंच नव्हती रे. आपले वडील दर मे महिन्यात कोयता घेऊन तिथली काटेरी झुडपं छाटायचे. आई करवादायची, "आपलं गवत कापायचं पडलंय आणि तुम्ही परक्यांची सोय बघा!" त्यावर ते म्हणायचे, "चालणारा कसला गं परका?"

एम्रिसनं काठीनं तार उचलून धरली. मी खालून सरपटत गेले. पँट फाटली, पोटरीवर ओरखडा उठला. मग मी तार धरली आणि तो आला. त्याला जास्त वेळ लागला, पण आला. तू ट्रॅक्टरवर होतास. आम्हाला पाहिलंस. तू ओरडशील म्हणून मी थांबले. तू ट्रॅक्टर वळवलास आणि कोठाराकडे निघून गेलास. फार राग आला तेव्हा. दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. आम्ही दोघं कड्यावर बसून मनुकांचा पाव खाल्ला. खाली सीलची तीन पिल्लं होती. मागे, गवतात, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या बंगल्यांसाठी तू ठोकलेल्या खुंट्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी निघायच्या आदल्या दिवशी काउन्सिलचं पत्र माझ्या दारात पडलं. वाट कायमची बंद करण्याच्या अर्जात तू लिहिलंयस की, गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या डोळ्यांदेखत कडा कोसळला. साक्षीदार म्हणून माझं नाव घातलंस. विचारलं नाहीस. घरची आहे, गप्प बसेल, असं धरून चाललास. म्हणून मी ही पूर्ण वाट चालले. गाडीनं येऊन नुसतं पाहून गेले असते तर म्हणाला असतास, म्हातारीला कड्यातलं काय कळतं. सतरा दिवस कडेच पाहिलेत, गेथिन. ढासळणारा कडा कसा दिसतो ते मला आता नीट कळतं, आणि आपला तसा नाही. गुरुवारी सुनावणीला मी येणार आहे आणि हेच सांगणार आहे, तुझ्या तोंडावर. बहिणीनं पाठीमागून घात केला असं तुला म्हणता येऊ नये, म्हणून आधी कळवते. अर्ज मागे घ्यायला बुधवारपर्यंत वेळ आहे. घेतलास तर तुझ्या शेजारी बसेन. नाहीतर समोर.

तुझीच, आणि तरीही गप्प न बसणारी,
एर्लिस