डोळे आलेले नव्हते

८ जानेवारी
उजवा डोळा लालभडक! उन्हात उघडवतच नाही. मैदानावर खो-खोच्या पोरी ओरडल्या — "बाई, डोळे आले तुमचे!" सगळ्या चार हात लांब. मुरुम गावच्या संघाशी सामना तोंडावर आलाय, आणि मी अशी!

१० जानेवारी
मेडिकलमधल्या थेंबांनी काही फरक नाही. चिपडं नाहीत, खाज नाही — नुसता ठणका. आज फळ्यावरचं अक्षर धुरकट दिसलं. भीती वाटतेय.

११ जानेवारी
नवरा, गुरुप्रसाद, ऐकेनाच. मला घेऊन थेट सोलापूर! डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग, "त्वचेचा काही त्रास?"
मी बाही आणखी खाली ओढली. गुरुप्रसाद म्हणाला, "दाखव की गं."
बाही वर केली. कोपरावरचे ते खपल्यांचे चट्टे — सोरायसिस. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांखाली झाकलेले.
"डोळ्याच्या आत सूज आहे, ह्याच आजारामुळं. डोळे आलेले नाहीत, कुणाला लागणार नाही. वेळेवर आलात, नजर वाचेल."
"खरंच?" — एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचे पेशंट डोकावले!

१२ जानेवारी
दर तासाला औषध. दुसऱ्या थेंबांनी बाहुली मोठी झालीय, जवळचं काही धड दिसत नाही. पोह्यांत मिठाऐवजी साखर पडली! नवरा मुकाट्यानं खाऊन उठला. बिचारा!

१७ जानेवारी
ठणका गेला! गॉगल लावून मैदानावर. पोरींना चट्टे दाखवले, आजार समजावला. आमची कर्णधार हर्षाली कोपराला बोट लावून म्हणाली, "एवढंच व्हय! आमाला वाटलं, बाईंनी टॅटू काढलाय म्हून झाकतेत!"
हसून हसून डोळ्यांत पाणी. औषध पुन्हा घालावं लागलं.

२३ जानेवारी
जिंकलो!! हर्षालीनं शेवटच्या मिनिटाला सूर मारून गडी बाद केला. मी अर्ध्या बाहीच्या टी-शर्टात नाचत होते. कुणाचंही माझ्या हाताकडं लक्ष नव्हतं!

४ फेब्रुवारी
डोळा स्वच्छ. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली! थेंब हळूहळू बंद करायचे. पुन्हा उलटू नये म्हणून त्वचेचे डॉक्टर आठवड्याला एक गोळी देणार. ते म्हणाले, "पण आधी दिवस गेलेत का, ते तपासायचं. गरोदरपणात ही गोळी चालत नाही."
मला हसूच आलं. लग्नाला नऊ वर्षं झाली! म्हटलं, तपासा खुशाल.

५ फेब्रुवारी
गोळी रद्द!
गुरुप्रसाद रिपोर्ट धरून नुसता उभा. म्हणाला, "मला काही दिसेना गं. तूच वाच."
वाचला. मोठ्यानं. दोनदा.