काकीच्या पाण्याचा पंप

मये, डिचोली
७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबाजीकाकांस,
देवकीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गौरेश कंडक्टरबरोबर पाठवते आहे. कारापूरला घरी जाताना तुमच्याच हातात द्यायचं, पडवीत टाकून जायचं नाही, असं त्याला बजावलंय. फोनवर मी ओरडते, तुम्ही ओरडता, दोन्ही वाड्यांना सगळं कळतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा कागद बरा.

काकी बरी आहे. चवथीनंतर आली तेव्हा पायरी उतरायला दोन माणसं लागायची, आता एक पुरतं. रोज सकाळी आमच्या भाड्याच्या खोल्यांतले पाहुणे उठायच्या आत तुमच्या गौरवीचा जुना पंजाबी ड्रेस घालून ती मागीलदारच्या स्विमिंग पुलात उतरते आणि कठडा धरून पाऊण तास पाण्यात चालते. डॉक्टरांनी तुळशीच्या लग्नापर्यंत खंड पाडू नका म्हणून सांगितलंय. गेल्या वर्षी मध्येच सोडलं आणि गुडघा धरला. पुन्हा तसं झालं तर ऑपरेशनच, असं ते म्हणाले.

आणि आता पुलाचा पंपच बसलाय. दसऱ्यापासून वीस मिनिटं चालतो, तापतो आणि आपला आपण बंद पडतो. पाणी हिरवं व्हायला लागलंय, चार दिवस काकीला उतरू दिलेलं नाही. म्हापशाहून एक माणूस बोलावला. त्याने पाटीवरचं साल वाचलं आणि हा तेरा वर्षांचा आहे, फेकून द्या म्हणाला. नवीन मागवला तर यायला तीन आठवडे. तुमचा जावई सिद्धेश म्हणतो एकदा नवा घेऊन मोकळे होऊया. पण हा पंप तुम्ही तुमच्या हाताने बसवलेला, तुम्हाला विचारल्याशिवाय मी स्क्रूसुद्धा हलवणार नाही. दुरुस्त करू की बदलू, तेवढं कळवा.

लोभ आहेच. उत्तर गौरेशच्या परतीच्या फेरीला द्यावं.
तुमची,
देवकी


कारापूर
८ ऑक्टोबर

चि. सौ. देवकीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून तुझा गौरेश पडवीत बसलाय आणि माझा चहा पितोय.

मयेत देवाने एवढं मोठं तळं दिलेलं असताना तुम्ही मागीलदारी दुसरं खोदलंत, तेव्हाच मी म्हटलं होतं की देवाच्या तळ्याला पंप लागत नाही, तुमच्या तळ्याला लागेल. पण तेव्हा खाण नुकतीच बंद पडली होती, हाताला काम नव्हतं, म्हणून हौसेने बसवून दिला.

तर माझं मत असं. तेरा वर्षं म्हणजे पंपाचं म्हातारपण. म्हापशाचा माणूस बरोबर बोलतो. नवीन घ्या. तीन आठवडे लागतात तर लागू देत. तोवर पूल कोरडा करा आणि काकीला घरी पाठवून द्या. दिवाळीच्या चवदिशीला पोह्यांचे फोव करायला घरात कोणीतरी पाहिजे. आपल्याकडे पाच तऱ्हेचे फोव करतात, मला एका तऱ्हेचेही येत नाहीत.

सहज विचारतो. तापतो तो पुढे पाण्याच्या बाजूला की मागे? बंद पडण्याआधी घुमतो का? हात ठेवला तर थरथर एकसारखी लागते की अडखळत? उत्तर नाही दिलंस तरी चालेल, नवीनच घ्यायचा आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. काकीला सांग की मांजरीला तीन पिल्लं झाली आहेत, तेवढ्यासाठी तरी ये.
तुझा,
बाबाजीकाका


मये
१० ऑक्टोबर

गौरवीच्या बाबांस,
जानकीचा सा. न. वि. वि.

देवकीने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. काका किती समंजस, जुन्याचा मोह नाही, असं ती म्हणाली. पण पस्तीस वर्षं तुमच्याबरोबर संसार मी केलाय, तिने नाही.

तेवीस वर्षांचा मिक्सर तुम्ही तीनदा उघडून जोडलात. माझ्या आईचा पंखा अजून तुमच्या डोक्यावर फिरतो. आणि तेरा वर्षांचा पंप एकाएकी म्हातारा झाला? दुरुस्त झाला तर मी इथे राहणार, बदलायचा म्हटला तर तीन आठवडे घरी येणार, हा हिशेब मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?

खाणीवर एकतीस पावसाळे तुम्ही पिटाच्या खड्ड्यातलं पाणी उपसलंत. गौरवीच्या बारशाला मांडलेला पाट सोडून गेलात. चवथीला आरती अर्धी टाकून गेलात. पंप थांबला की पाणी चढतं, थांबून चालत नाही, असं म्हणायचात आणि सायकलवर बसायचात. मी एकदाही अडवलं नाही. आज पहिल्यांदा एक पंप माझ्यासाठी बंद पडलाय, तर तुम्हाला फोव आठवले.

आता एक गोष्ट सांगते, देवकीशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी नुसती चालत नाही. मला तरंगता येतं. गेल्या महिन्यात तिने शिकवलं. पाठीवर आडवी झाले, कान पाण्याखाली गेले, वर माडाची चुडतं हलत होती, आणि मला गुडघा आहे हे मी विसरूनच गेले. बासष्ट वर्षांत असं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. ते मला परत पाहिजे.

तुमची आठवण येत नाही असं नाही. येते. पण म्हणून ऑपरेशन करून घेऊ का?

देवकी म्हणते पंप मागच्या बाजूला तापतो, घुमत नाही, थरथर एकसारखी लागते. सहज विचारलं होतंत ना, म्हणून कळवते.

मांजरीला दूध थंड करून घाला. काळजी घ्यावी, आणि थोडी लाजही बाळगावी.
जानकी


कारापूर
११ ऑक्टोबर

सौ. जानकीस,
आशीर्वाद. आज आशीर्वाद देण्याच्या लायकीचा मी नाही, पण पत्राची रीत मोडता येत नाही.

कबूल. तू लिहिलंस ते सगळं कबूल. घर खायला उठतं. सकाळी पोदेर हॉर्न वाजवत जातो, तो मला ऐकू येत नाही, म्हणून रोजचा पाव चुकतो. तू असलीस की कोपर मारून सांगायचीस. एवढ्यासाठी मी तुझा गुडघा पणाला लावला, हे वाचून माझी मलाच शरम वाटली. तरंगण्याचं वाचलं तेव्हा जास्तच.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकतो. पंपाचा रोग मी कानाने ओळखायचो. पिटाच्या काठावर उभा राहून कुठला पंप आजारी आहे ते सांगायचो, साहेब लोक बघत राहायचे. त्या पंपांनीच कान नेले. आता देवकीच्या पंपापुढे जाऊन बसलो आणि काहीच कळलं नाही तर? त्यापेक्षा नवीन घ्या लिहिणं सोपं होतं.

पण थरथर एकसारखी आहे आणि मागे तापतो म्हणतेस, तर त्याचं हृदय चांगलं आहे. त्याला वारा मिळत नाही. मोटरच्या पाठीमागे झाकण असतं, त्याच्या आत पंखा. सिद्धेशला सांग, आधी मेन बंद करायचा, मग टायमरची वायर काढायची, मग झाकणाचे स्क्रू. आत काय दिसतं ते लिहून पाठवा. काही फेकू नका, पुसू नका, आधी मला कळवा.

रागावली आहेस तरी चालेल, पण पत्र लिही.
बाबाजी


मये
१३ ऑक्टोबर

तीर्थरूप काकांस,
देवकीचा शि. सा. न. वि. वि.

काका, आज मी इतकी हसले आहे की हात अजून सरळ चालत नाही.

तुम्ही सांगितलं तसं सिद्धेशने झाकण काढलं. आत पंख्याला गुंडाळलेली झेंडूच्या रोजांची अख्खी माळ! वाळून खडखडीत, दोरा पात्यांमध्ये घट्ट बसलेला, पाकळ्यांनी सगळ्या फटी बुजलेल्या. खंडेनवमीला संध्याकाळी ही माळ पंपाला घातली होती. दसऱ्याला सकाळी बघतो तर माळ नाही. सिद्धेश म्हणाला शेजारच्यांच्या वासराने खाल्ली, आणि त्या बिचाऱ्या वासराला मी दोन दिवस शिव्या घातल्या.

माळ कोणी घातली ते विचारू नका. विचारा, विचारा. काकीने! खाणीच्या वर्कशॉपात तुम्ही प्रत्येक पंपाला हळद-कुंकू लावून माळ घालायचात, मग तुमच्याच हातचा हा पंप ह्या वर्षी बिनपूजेचा कसा राहील, असं म्हणून तिने स्वतः ओवली आणि मोटरीच्या मागच्या बाजूला दोन वेढे देऊन बांधली. वर नारळ फोडला. टायमर पहाटे सहाला आपणहून पंप चालू करतो, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि पंख्याने माळ झाकणाच्या फटीतून आत ओढून घेतली. काकी आता देवघरासमोर बसून आहे, माझ्याशी बोलत नाही, पण पदराआड हसते आहे हे मला दिसतं.

साफ करून लावला तर दोन तास न थांबता चालला. पाणी निवळू लागलंय, उद्या-परवा काकी उतरेल. पण सगळं ठीक नाही. पंप आणि मोटर जोडतात तिथून थेंब थेंब पाणी गळतंय, आणि आता हात ठेवला तर थरथर अडखळते. सिद्धेश पुन्हा नव्याचं म्हणायला लागलाय, आणि खरं सांगायचं तर मीही डगमगले आहे. मध्येच कायमचा गेला तर काकीचे उरलेले दिवस बुडतील. तुमच्या मनासाठी दुरुस्त करा असं म्हणू नका. काकीच्या गुडघ्यासाठी जे बरं, ते सांगा.

तुमच्या लोभाची,
देवकी


कारापूर
१४ ऑक्टोबर

चि. सौ. देवकीस,
आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एकटाच इतक्या मोठ्याने हसलो की शेजारचा सखाराम काय झालं म्हणून धावत आला. काकीला सांग की मी तिला पस्तीस वर्षांत अर्धीच पूजा शिकवली. वर्कशॉपात माळ घालण्याआधी आम्ही मेन खाली पाडायचो. पूजा केलेल्या यंत्राला त्या दिवशी रजा असते. दुसऱ्या दिवशी फुलं उतरवायची, मगच बटण. तुम्ही त्याला हार घातलात आणि कामाला जुंपलंत.

आता तू विचारलंस ते. माझ्या मनाचं सोड. वाइंडिंग जळलं असतं किंवा बाहेरच्या अंगाला चीर गेली असती, तर मीच म्हटलं असतं की नवा घे. तसं काही नाही. तापून तापून पाण्याचं सील कडक झालं, ते गळतंय, आणि गळलेलं पाणी बेअरिंगमध्ये शिरतंय. दोन्ही बदलायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेवढं केलं तर हा पंप आणखी चार-पाच वर्षं निघेल. उद्या जर अंगाला चीर गेली, तर मला न विचारता नवा आण, मी रुसणार नाही.

सील आणि बेअरिंग डिचोलीच्या बाजारातून मी स्वतः निवडून आणली आहेत. दुसऱ्या कोणाच्या हातात ते काम द्यायचं नाही. शनिवारी गौरेशच्या पहिल्या बसने येतो. कान नाहीत, पण हात आहेत, आणि तू लिहिलेली थरथर मला कागदावरूनही कळली, म्हणजे अगदीच मोडीत निघालेलो नाही.

काकीला न्यायला येत नाही, हे तिला स्पष्ट सांग. राहायला येतोय, तुळशीच्या लग्नापर्यंत. मांजर आणि पिल्लं सखारामकडे दिली. फोव तिथेच खाईन. मला एक खोली दे, पाहुण्यांची नको, कसलीही चालेल.

भेटीची वाट बघतो,
बाबाजीकाका


कारापूर
६ नोव्हेंबर

चि. सौ. देवकीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

काल घरी नीट पोचलो. अंगणाच्या अकरा पायऱ्या मी एकटी चढले. तुझे काका मागे दोन्ही हात पसरून येत होते, जसं काही मी फणस आहे आणि आत्ता पडणार. पडले नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव पुढल्या वर्षापर्यंत काढू नका म्हटलंय. सील-बेअरिंग बदलल्यापासून तुझा पंप कसा चालतो ते ह्यांना रोज जाणून घ्यायचं आहे, तेव्हा गौरेशबरोबर दोन ओळी पाठवत जा, नाहीतर हे जेवायचे नाहीत.

घरात पाय टाकल्यापासून ह्यांचं एकच पुराण चालू आहे, दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळचं. पोदेराला सांगितलं, सखारामला सांगितलं, पुण्याला गौरवीला फोनवर ओरडून सांगितलं. एकतीस वर्षं पाणी बाहेर काढणारा माणूस, पहिल्यांदा पाण्यात उतरला. तू गॅलरीत उभी राहून हसत होतीस, तेव्हा तुला वाटत असेल की सगळं बघितलं. सगळं नाही बघितलंस, म्हणून हे पत्र.

खाणीची खाकी हाफ पँट घालून हे उतरले. अर्धा तास कठडा सोडेनात. शेवटी मी म्हटलं, मी डोक्याखाली हात धरते, तुम्ही फक्त आडवे व्हा. आडवे झाले, डोळे गच्च मिटले, आणि कान पाण्यात गेल्यावर ओरडायला लागले, सोडूं नाका गो जानके, सोडूं नाका म्हणून. तुझ्या चारही खोल्यांतले पाहुणे जागे झाले ते त्यामुळे.

देवकी, मी सोडलं होतं. त्यांनी ओरडायला सुरुवात केली त्याच्या आधीच. दोन्ही हात पाण्याखाली माझ्याजवळ घेऊन उभी होते. वीस आकडे मोजले. हे ओरडत होते, तरंगत होते, आणि खाली कोणी नव्हतं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. विसावर परत हात लावले, आणि ह्यांनी डोळे उघडून विचारलं की दमलीस का.

आता सगळ्यांना सांगतात की जानकीने धरलं म्हणून मी तरंगलो, ती नसती तर बुडालो असतो. मी मान हलवते. खरं कळलं तर एकतर पाण्याला घाबरतील, नाहीतर एकटेच पोहायला जातील, आणि मला दोन्ही नको आहे. पुढल्या महिन्यात आम्ही दोघं परत येतोय, असं ह्यांनीच ठरवलंय.

उत्तरात ह्यातलं एक अक्षर लिहू नकोस. तुझी पत्रं हे माझ्याआधी फोडतात. लोभ राहू दे, आणि तोंड बंद राहू दे.

तुझी,
जानकीकाकी