पीस न हलविणारा श्वास

३ फेब्रुवारी, सोमवार

सातव्या अध्यायात श्वास तुटला! चरण अर्धाच राहिला. समोर सारे पठणमंडळ, शेजारी धाकटा भाऊ, आणि मध्ये मी आ वासून. अध्यक्ष नंतर हळूच म्हणाले, "छाती तपासून घ्या. महिनाअखेरचं समग्र पठण तुम्हाला झेपणार नसेल, तर धाकटे म्हणतील."

ग्रंथ हाती न घेता सर्व अध्याय म्हणण्याचा तो मान तारुण्यापासून माझ्याकडे आहे. धाकट्याने मान खाली घातली. विनयाचा उत्तम अभिनय! त्याचा डोळा माझ्या आसनावर आहे, हे मी जाणून आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

फुप्फुसांची चाचणी. यंत्रावरील बाईंनी नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि आज्ञा केली, "आजोबा, छाती भरून श्वास घ्या आणि जोरात फुंका. एका दमात."

श्वास पूर्ण घेतला. सोडताना मात्र आयुष्यभराचा प्राणायामाचा अभ्यास आड आला. रेचक असा असावा की समोर पीस धरले तरी हलू नये. तसाच सोडला. फार सुंदर साधला.

बाई म्हणाल्या, "सोडा ना."

नळी काढून म्हणालो, "सोडला."

"कधी?"

पुन्हा केले. पुन्हा एकदा केले. अखेरीस त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "मशीनला वाटतंय, नळीपलीकडे कोणी नाहीच."

अहंकाराचा असा लय साधावा म्हणून ज्ञाते जन्म वेचतात. कृतार्थ होऊन घरी आलो. चाचणी बाद.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सौभाग्यवती सकाळपासून हसते आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. फुप्फुसांचे विकार ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकात फुप्फुसेच नीट फुलत नाहीत, म्हणून हवा मुळात कमी मावते. दुसऱ्यात हवा मावते, परंतु नळ्या अरुंद झाल्याने बाहेर पडताना अडते, दमा त्यातलाच. भरलेल्या श्वासाचा किती भाग पहिल्या सेकंदात बाहेर पडतो, यावरून हे ओळखतात. "तुमच्यासारखं सावकाश सोडलं, तर पैलवानही आजारी दिसेल."

"ह्यांचा दुसराच प्रकार," ही मध्येच म्हणाली. "माझ्या भावाने लग्नात केलेली थट्टा अजून आत धरून ठेवलीय."

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. त्या थट्टेचा विषय निराळा आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आरशापुढे फुंकण्याचा सराव. कवळी बेसिनमध्ये! ही म्हणाली, "दात घट्ट बसवून जा हो, नाहीतर त्या बाई नोकरी सोडतील."

१० फेब्रुवारी, सोमवार

फुंकले. संयम, सभ्यता, वय — सारे गुंडाळून ठेवले. बाई कानाशी ओरडत होत्या, "फुंका फुंका फुंका, अजून, अजून, थांबू नका!" असा मंत्रघोष जन्मात ऐकला नव्हता. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मग औषधाचा फवारा ओढायला लावला, काही वेळ बसवून ठेवले आणि पुन्हा फुंकविले. या खेपेस हवा बरीच मोकळी सुटली. म्हणजे नळ्या आकसतात, परंतु औषधाने उघडतात. दमा आहे, डॉक्टर म्हणाले, पण आटोक्यात राहील असा. फवारा नियमाने घेतला तर पठणास हरकत नाही.

आसन वाचले! धाकट्याला निरोप धाडला. शब्द सौम्य योजले. भाव विजयाचा होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटा दारातूनच विचारीत आला, "दादा, नक्की? तूच म्हणशील ना?" मग खुर्चीत बसून घाम पुसला. "मला दुसऱ्या अध्यायापुढे काही येत नाही रे. इतकी वर्षं तुझ्याशेजारी नुसते ओठ हलवतोय."

फवारा ओढला आणि त्याला समोर बसविले. तिसरा अध्याय, पहिला चरण. आवाज उत्तम आहे गाढवाचा.