हाताला लागलेली दोन डोकी

बाळा,

तू जहाजावरून लिहिलंस, "आई, तू होतीस म्हणून एक तरी लेक हाती लागली." ते वाक्य मी रोज काढून वाचते.

सातव्या महिन्यात सूनबाईचं पोट तपासताना माझ्या हाताला दोन डोकी लागली होती. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेला हात आहे, तो चुकत नाही. तिलाही शंका होतीच. म्हणाली, "आई, एकाच वेळी दोन्हीकडून लाथा बसतात. जुळी तर नसतील? इस्पितळात दाखवून येऊ का?"

मी हसले. म्हटलं, "एकच आहे, पण बापासारखं द्वाड आहे."

जुळं म्हटलं असतं तर तिला इस्पितळात न्यावं लागलं असतं. मला माझं नातवंड माझ्याच घरात, माझ्याच हातांवर घ्यायचं होतं. एवढीच हौस होती रे.

पहिली मुलगी सहज झाली. दुसरी आडवी आली. मी तासभर एकटीच झटत राहिले, मग गाडी बोलावली. तोवर तिचे ठोके थांबले होते.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कळलं नव्हतं?" मी तोंड उघडायच्या आत सूनबाई म्हणाली, "आईंनाही कळलं नाही हो. पोटातलं कोणाला दिसतं?"

काल लेकीला माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "पुढचं बाळंतपणही तुमच्याच हातून."

तिला सांगायला तोंड नाही, म्हणून तुला लिहायला बसले. पण हे टपालात टाकायचं बळही माझ्यात नाही.

तू जिला आई म्हणतोस, ती