खोपटाची कडी

१० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी तू अंगणात पातेलं बडवलंस आणि गल्लीतली झाडून सगळी कुत्री धावत आली, तेव्हा आमच्या जाळीवाल्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. जाळी दिसली की जी टेकडीवर पळतात, ती तुझ्यापुढे बसून गुमान लस टोचून घेत होती! जनावरांची डॉक्टर मी, आणि ऐकतात तुझं.

तुझ्यासमोर जे बोलवलं नाही ते आता लिहिते. त्यातल्या तुझ्या लाडक्या भोपळ्याच्या कानामागे ताजा चावा आहे. बाजारात जे पिसाळलेलं कुत्रं मेलं, त्याच्याशी तो भांडला होता, असं खाटीककाका म्हणाले. त्याला आधी कधीच लस दिलेली नव्हती. आता दिली, पण उशीर झाला असेल. अशा कुत्र्याला कायमचं झोपवतात, नाहीतर सहा महिने कोंडून ठेवतात. तो रोज टेकडीखाली मेलेल्या ढोरांवर जातो, आणि तिथंच टेकडीवरची लांडगीणही येते. ती तोंडातला घास पिल्लांना भरवते. म्हणजे एकाला लागण झाली की घर बसलंच. पलीकडच्या खोऱ्यातला लांडग्यांचा अख्खा कळप गेल्या साली मी माझ्या हातानं पुरलाय.

तू म्हणशील तसं करू. तो तुझे हात चाटतो, म्हणून तूही आजच्या आज दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घे. चालढकल करू नकोस गं.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी ठमी

१४ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

इंजेक्शन घेतलं. कंपाउंडर म्हणाला घाबरू नका, आणि सुई टोचताना डोळे त्यानंच मिटले.

त्या मेल्या लांडग्यांनी माझ्या दोन शेळ्या खाल्ल्या, आणि त्यांच्या लेकरांसाठी मी माझ्या भोपळ्याला कोंडू? डोकंच फिरलं माझं. मग आठवलं, गेल्या साली तू सुट्टीला आली नाहीस, सर्दी झालीय म्हणून कळवलंस. ते हेच ना? एवढं सगळं एकटीनं गिळलंस. वेडी कुठली!

झोपवायचं नाही. लाकडांच्या खोपटात ठेवलाय, कडी पक्की आहे. ताट लांब फळीनं आत सरकवते. हात लावायचा नाही, हेच फार जड जातंय बघ. दाराबाहेर स्टूल टाकून पेपर वाचून दाखवते. बाजारभाव आले की जांभया देतो.

संध्याकाळी टेकडीवरून लांडगीण ओरडते आणि हा आतून सूर लावतो. शेजारच्या मास्तरीणबाई वैतागल्यात.

पत्र लिहीत जा, नाहीतर कान उपटीन.
तुझी आत्या

११ जुलै

चि. ठमीस,
आशीर्वाद.

भोपळ्याचा आवाज बसलाय. लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही. सकाळी मला बघून शेपूट हलवली. हात कडीवर गेला होता गं माझा. काढली नाही.

लगेच ये.
आत्या

२० जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

नीट जेवतेस ना? डॉक्टर असून त्या दिवशी किती रडलीस! त्याला शांतपणे जाऊ दिलंस, आणि नंतर का होईना, जाड हातमोजे घालून मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवू दिलास. तेवढ्यावर निभावतेय मी. मास्तरीणबाई रोज येऊन बसतात. त्यांनाही करमत नाही म्हणे.

काल संध्याकाळी लांडगीण ओरडली. मागोमाग पिल्लांचे बारीक, बेसूर आवाज. सगळी धडधाकट आहेत हो तुझी. ती थांबून थांबून पुन्हा ओरडत होती, इकडून उत्तर जाईना ना! मला राहवेना. अंगणात उभी राहिले आणि जमेल तसा सूर लावला. मास्तरीणबाई खिडकीतून बघत होत्या. बघू देत.

मग टेकडीवरून सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं. तिथंच पायरीवर बसून मी पोटभर रडले.

तुझ्यावर जीव आहे, तो काही कमी व्हायचा नाही. शेळ्यांचं मात्र मी विसरलेली नाही, एवढं त्यांना सांग.
तुझी आत्या